ज्याला जेवू घातलं त्याचा सामना

हरा बाबांनो, एकदाचे हरा! तोंडानं म्हणत नव्हते, पण माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

सकाळी चहाच्या वक्ताला आमचे हे साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून बसायचे. त्या मोबाइलमधी कॅनडातले धिप्पाड गडी बर्फावर घसरत, वाकड्या काठ्या घेऊन एका काळ्या चकतीमागं धावायचे. तिकडं तेव्हा रात्र असती. मी घरात, मी अंगणात, मी परत घरात. हातात झाडू असला तर झाडू, नसला तर तसंच. हे म्हणायचे, "पद्मा, एका जागी बस ना गं." बसते कशाची? जीव थाऱ्यावर असला तर माणूस बसतो.

आमच्या हट्टा गावात बर्फ म्हणजे लग्नातल्या मठ्ठ्यात पडतो तेवढाच. अन् माझी लेक ऐश्वर्या तिकडं बर्फ करायची नोकरी करती. हसू नका. ते खेळतात ती अख्खी जमीन बर्फाची असती, अन् ती गोठवून ठेवणाऱ्या मशिनी तिच्या हाताखाली. नांदेडला डिप्लोमा केला, मंग तिकडं जाऊन अजून एक कोर्स केला, अन् लागली. आमचे हे, सोनाजी, उभा जन्म वीज बोर्डात खांबावर चढले. लेक मशिनवाली झाली म्हणून त्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटनं लागंनात.

त्या गावाचं नाव केल्डन. आपल्या वसमतपेक्षा लहानच म्हणा. पण त्यांची टीम पगारी. आपल्याकडं कबड्डीची पोरं चहा अन् टाळ्यांवर खेळतात, तसं तिथं न्हाई. टीमला मालक, खेळाडूंना पगार, बघायला तिकीट. अन् तिकीट कोणी घेईना. मालकानं सांगून टाकलं, मार्च सरेपर्यंत खुर्च्या भरल्या न्हाईत तर मी टीम उचलून मोठ्या शहरात नेतो. टीम गेली की हॉल बंद. हॉल बंद की बर्फ बंद. बर्फ बंद की नोकरी गेली, अन् तिथं राहायचा परवाना त्या नोकरीवरच.

म्हणजे लेक घरी. बाकीच्यांनी काय हिशेब करायचा तो करू द्या, माझा हिशेब एवढाच होता. चार वर्षं तिला फोनच्या काचेतून बघून राहिले होते मी. काचेला हात लावला तर चित्र हलतंय, लेकरू हाती लागत न्हाई. मी गुपचूप मधल्या खोलीला रंग देऊन घेतला. गादी पिंजून आणली. ह्यांनी विचारलं तर म्हणलं, पाव्हणेरावळे येतात.

टीम हरली की बघायला माणूस कमी येतं, हे मला कळायला लागलं. मंग काय, सकाळी बघितलं असलं तरी रोज फोनवर माझा पहिला सवाल, "हरले का?"

"व्हय आई, हरलो."

"अरेरेरे," मी म्हणायची, अन् फोन ठेवून शिरा करायला घ्यायची.

एक दिवस हे वाटी हातात धरून म्हणाले, "त्यांची हार झाली की आपल्या घरात शिरा कसा होतो गं?"

"रवा जुना व्हायला लागलाय. खायचा तर खा, न्हाई तर वाटी ठेवा." त्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

तर अशी मी. आता माझीच जीभ मला कशी नडली ते ऐका.

आमची हळद शिजवायला घेतली होती. शेतात भाड्याचा कुकर आलेला, वाफेनं सगळं रान दमटलेलं, अन् मी जाळ सारून राहिले होते. शेजारच्या शेताचे तातेराव दोन शेतांमधल्या धुऱ्यावर येऊन बसले. आमच्यानंतर कुकर त्यांच्याकडं जायचा होता, म्हणून चहाच्या निमित्तानं लक्ष ठेवायला आले होते. माणूस वाईट न्हाई, पण बोलायला लागला की थांबायची कळ त्यांच्यात बसवलेलीच न्हाई.

"सोनाजीराव, काय म्हणती तुमची टीम? राहती का जाती?"

"अवघड दिसून राहिलं," हे म्हणाले. तोंड उतरलेलं.

"जाणारच. लहान गावाला पगारी खेळाडू पेलतच न्हाईत हो. आपलंच बघा. बॅंडपथक काढलं होतं, त्यातला ट्रम्पेटवाला परभणीला गेला, ढोलवाला पुण्याला. तंबूतलं टॉकीज आलं, महिन्यात गेलं. लहान गाव म्हणजे फुटका माठ, कितीबी वता, बुडाशी काही राहत न्हाई. कॅनडा असो का हट्टा, सगळं बराबर तेच."

आता बघा, माणूस माझ्या मनातलंच बोलून राहिला होता. मी म्हणायला पाहिजे होतं, व्हय भाऊजी, तोंडात साखर पडो तुमच्या. पण फुटका माठ म्हणाला न् माझं टाळकं सरकलं. चाळीस वर्षं ह्या गावात काढली मी. भीमजयंतीच्या कबड्डीचा सगळा स्वयंपाक माझ्याकडं असतो. फुटका माठ म्हणे!

तेवढ्यात ऐश्वर्याचा फोन आला. आपली उन्हं कलली की तिची सकाळ उजाडती. ह्यांनी स्पीकर लावला. लेक रडवेली होती.

"पप्पा, तिकीट अर्ध्या किमतीत केलं तरी लोक येईनात. कालबी निम्मा हॉल रिकामा होता."

"म्हणलं न्हवतं का!" तातेराव वाकून फोनमधी ओरडले. "पोरी, गाशा गुंडाळ. लहान गावाच्या नादी लागू नये!"

"गप बसा, भाऊजी!" मी हातातलं लाकूड तसंच धरून उठले. "गेल्या जयंतीच्या कबड्डीला पहिल्या दिवशी काय झालं होतं? जिल्ह्यातून गोरेगावची पोरं आली, डोंगरकड्याची आली, अन् आपल्या गावातून बघायला कुत्रं फिरकलं न्हाई. पंच जांभया देत होता. मंग रात्रीच्या जेवणाला मी काय केलं? मांडवातली पंगत मोडली अन् एकेक खेळाडू एकेका घरी वाटून दिला. आमच्या वस्तीतच न्हाई, वरल्या आळीतबी. तुमच्या शालूबाईनं गोरेगावच्या पोराला भाकर-ठेचा वाढला का न्हाई?"

"वाढला, वैनी."

"अन् दुसऱ्या दिशी त्याच पोरासाठी मैदानात गळा काढून ओरडत होती का न्हाई? समोरून तिचाच पोरगा बालाजी खेळत होता तरी!"

"ते... व्हय," तातेराव चहात बघून म्हणाले. "बालाजी आठ दिवस आईसंगं बोलला न्हाई."

"मंग! माठ फुटका हाय म्हणे!" मी फोनकडं वळले. आता मला कोण आवरणार? "अन् तू गं, रडतीस काय? काय तिकिटं विकून राहिलात तुमी? तिकीट घेतलेला माणूस थंडी पडली की घरी बसतो. ज्याला आपल्या हातानं जेवू घातलं त्याचा सामना चुकवता येतो का कुणाला? ते तुझे धिप्पाड गडी घरोघरी जेवायला वाटून दे म्हणावं मालकाला. हे लहान गावालाच जमतं. मोठ्या शहरात शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं, ते काय डोंबलाचं जेवू घालणार!"

फोनमधी खरखर झाली. मला वाटलं, रेंज गेली.

"आई, थांब," ऐश्वर्या म्हणाली. आवाजातलं रडू गेलं होतं. "परत सांग. सावकाश."

अन् मी बावळट, परत सांगितलं! ज्या घरात म्हातारं माणूस हाय तिथं सगळ्यात बोलका गडी पाठवायचा. ज्या घरात पोरं हायत तिथं जो गोल वाचवतो तो पाठवायचा. एका घरी दोघं पाठवायचे न्हाईत, दोघं एकमेकांतच बोलत बसतात अन् घरचे बाजूला राहतात. सगळं, सगळं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा हे माझ्याकडं असं बघून राहिले होते जसं काही मी कलेक्टर झाले. तातेरावांनी तर हात जोडले.

मी धुऱ्यावर मटकन बसले. अगं बाई गं, हे काय केलं मी! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

तिकडं खरंच खेळाडू घरोघरी जेवायला जायला लागले. त्यानंतर माझे दिवस कसे गेले माझं मला ठाऊक. हळद पसरायची, पाखडायची, अन् मनात एकच, तिकडच्या बायांचा स्वयंपाक करपू दे. भांडणं होऊ देत. कुणाला तरी अजीर्ण होऊ दे. मी इतकी वाईट बाई न्हाई, पण लेकरासाठी माणूस काय काय मागतं.

काही करपलं न्हाई. फोटो यायला लागले. समोरचे दोन दात पडलेला एक गडी म्हातारीच्या घरी उकडलेले बटाटे खाऊन राहिलाय. पुढच्या सामन्याला तीच म्हातारी टोपी घालून पहिल्या रांगेत, हातात पातेल्याचं झाकण, अन् ते बडवून राहिलीय. तिच्या बाजूला तिच्या सुना, नातवंडं, शेजारीण. ऐश्वर्या सांगायची, आज सारा वरचा मजला भरला, आज माणसं उभी होती.

"हरले का?" मी विचारायची.

"हरलो ना! तीन गोलांनी. पण आई, एक माणूस उठून गेला न्हाई!"

आता बोला. हरून राहिले होते तरी खुर्च्या भरून राहिल्या होत्या. मी काय मागणार होते आता? घरात शिरा बंद झाला. ह्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची हिंमत केली न्हाई.

मार्च सरला त्या दिवशी सकाळीच खबर आली. मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं, टीम हलत न्हाई, अजून तीन वर्षं केल्डनमधीच. हे तडक वसमतला जाऊन पेढे घेऊन आले. पहिला पेढा तातेरावांना. मंग गावभर. जयंती कमिटीचा अध्यक्ष बुद्धभूषण दारात येऊन उभा. "जयभीम, काकू. ह्या वर्षी स्टेजवर तुमचा सत्कार. परदेशातलं गाव राखलंत तुमी!"

"माझा न्हाई करायचा," मी म्हणलं. त्याला वाटलं मी लाजून राहिले. हसत गेला.

हे उरलेले पेढे वाटायला गेले, अन् मी ओट्यावर एकटी होते तेव्हा ऐश्वर्याचा फोन आला. मागं मशिनी घरघरून राहिल्या होत्या.

"आई! इथं सगळे तुझंच नाव घेऊन राहिलेत. मालकानं स्वतः विचारलं, ही आयडिया कोणाची. मी म्हणलं, माझ्या आईची. आई? ऐकून राहिलीस ना?"

"मला नको गं ते!" मी ओरडलेच. समोरच्या घरातून कोणी तरी डोकावलं, डोकावू दे. "मला तुमची टीम जायला पाहिजे होती. रोज सकाळी मी तुमच्या हारीची वाट बघत होते. टीम गेली असती तर तू घरी आली असतीस. खोलीला रंग देऊन ठेवलाय मी, ठाऊक हाय का तुला?"

मशिनींची घरघर कमी झाली, दार लोटून बाहेर आली असंल ती.

"ठाऊक होतं, आई," मंग ती म्हणाली. "हरलो म्हणलं की तुझा आवाज खुलायचा."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"तू विचारलंसच न्हाई. रोज विचारायचीस, हरले का. एकदाबी विचारलं न्हाईस, ऐश्वर्या, तू येतीस का."

साऱ्या गावात मला तोंडाळ म्हणतात, अन् एवढा एक सवाल माझ्या तोंडून निघाला न्हवता. खरंच होतं तिचं. तोंडावर न्हाई म्हणली तर काय करू, ह्याची मला इतकी भीती होती की एक अख्खी टीम हरायची वाट बघत बसले, पण लेकीला विचारलं न्हाई.

"येतीस का, ऐशू?"

ती रडायला लागली. "न्हाई, आई. टीम गेली असती तरी न्हाई. मी दुसरीकडं काम बघून ठेवलं होतं, अजून लांब. मला हे काम आवडतं. मला इथं राहायचंय."

"बरं," मी म्हणलं.

"रागावलीस?"

"व्हय. पण तू रडू नको. कामावर हायस तू. उद्या फोन कर."

फोन बंद केला. थोड्या वेळानं हे आले, रिकामं खोकं काखेत, तोंडभर हसू. "पोरीचा फोन होता का? काय म्हणली?"

"न्हाई म्हणली."

"काय न्हाई?"

"येत न्हाई म्हणली. मी विचारलं, येतीस का. न्हाई म्हणली."

ह्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. माझ्या बाजूला ओट्यावर बसले, खोकं मांडीवर घेतलं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तू तिला कवाच विचारलं असशील."