वरच्या पट्टीतलं गाणं

बीरगांवच्या दयाराम मेश्रामांनी बनवलेली बाजाची पेटी गाणारी माणसं डोळे झाकून विकत घ्यायची. मशीनवर सूर जुळवायची भानगड त्यांच्याकडे नव्हतीच. पितळी सूर, म्हणजे पेटीच्या आत वाजणारी पात, कानसेनं घासायचा, कानानं ऐकायचा, बस्स. पण म्हातारपणी त्यांच्या नव्या पेट्या वरच्या सप्तकात किंचाळायला लागल्या होत्या, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. सांगणार कोण? मुलगी दीपमाला माहेरी आली की दरवेळी ठरवायची आणि दरवेळी तिची जीभ रेटायची नाही.

एकदा ती अशीच आलेली असताना भनपुरीच्या विहारातली जुनी पेटी दुरुस्तीला आली. बाबांनी ऐन उमेदीत केलेली, भीमजयंतीला कितीएक गळे सांभाळलेली. भात्याला ठिगळ लावून झालं तशी दीपमालानं ती वाजवून पाहिली आणि तिला भरून आलं. असा गोड सूर बाबांच्या हातून आता निघत नव्हता.

बाबांनी मात्र तोंड वाकडं केलं. वरचे सूर पडलेत म्हणाले, लगे हात तेही ठीक करून टाकू. त्यांनी झाकण काढलं, कानस उचलली. घासलेलं पितळ काही परत भरून येत नाही. आपल्या हातची सगळ्यात चांगली पेटी ते स्वतःच नासवायला बसले होते, तेही मोठ्या मायेनं.

दीपमालानं सुरांवर हात आडवा ठेवला.

"पेटी बराबर आहे, बाबा. तुमच्याच कानाले वरचं बराबर आयकू येत नाही."

दयाराम भडकले. कालच्या पोट्टीनं आपल्याला सूर शिकवावा? पण तिचा हात काही हलेना. शेवटी त्यांनीच कानस खाली ठेवली आणि कधीपासून, असं विचारलं. बरीच वर्षं झाली, ती म्हणाली. तसा त्यांना धसका बसला.

"तुले लग्नात देली, ते पेटी?"

"ते बी."

"पण तू त तिच्यावरच गाते ना जयंतीले?"

खोटं बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"गाते. पण खालच्या पट्टीत. वरचे सूर मी घेतच नाही."

एवढा उंच गळा पोरीचा, आणि बापाची अब्रू राखायला तिनं तो इतकी वर्षं दाबून ठेवला होता. म्हाताऱ्याचे डोळे भरले. त्यांनी झाकण जागच्या जागी बसवलं आणि ती जुनी पेटी तिच्यापुढे सरकवली.

"गा आता. वरूनच गा," ते म्हणाले. "मले बराबर आयकू नाही आलं तरी चालते."