पूर्णिमानं विचारलेला प्रश्न

चौबे कॉलोनीतल्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेली मुलगी वर्तमानपत्र घडाघडा वाचत होती आणि आईबाप टाळ्या पिटत होते.

"ही बोटांनी वाचतेय," श्यामकांतगुरुजी माईकवर सांगत होते. "माझ्या स्पर्शानं स्मृतिनाडी उघडते. सात दिवसांत मंद पोरगंही पुस्तक पाठ म्हणतं. शिकवण्या बंद करा, डॉक्टर बंद करा."

माझ्या शेजारी रेल्वेत नोकरी करणारे इंद्रजीत बसले होते. त्यांची नऊ वर्षांची पूर्णिमा माझी विद्यार्थिनी. अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांना मी शिकवते. पूर्णिमा हुशार आहे, पण एका दमात तीन गोष्टी सांगितल्या की दोन निसटतात. ऐकलेलं काम होईस्तोवर डोक्यात धरून ठेवणं तिला जड जातं. एकेक पायरी सांगितली, चित्र काढून दिलं, की गणित सोडवते. वर्षभर खपून आम्ही हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आलो होतो. गुरुजींच्या शब्दावर इंद्रजीतनी तिला माझ्याकडून काढून त्यांच्या सात दिवसांच्या वर्गात घातलं होतं.

"बाप आहो मॅडम," ते म्हणाले. "आस तर लागतेच."

पूर्णिमाला वर बोलावलं. पट्टी बांधली, हातात मजकूर छापलेलं कार्ड दिलं. ती ते नुसतं उलटसुलट करत राहिली. गुरुजी तिच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. तिनं सरळ विचारलं, आणि माईकनं ते हॉलभर पोचवलं, "गुरुजी, पहिले कार्ड बोटानं घासाचं, का पहिले नाकाजवळून खाली पाहाचं? मी विसरून राहिली."

गुरुजी हसले. "श्रद्धा कमी. हिच्या डोक्यात कचराच भरलाय."

मी मंचावर गेले. पहिल्या मुलीला पुन्हा वाचायला सांगितलं आणि तिच्या हनुवटीखाली माझ्या फाइलचा पुठ्ठा आडवा धरला. ती थांबली. पुठ्ठा काढला, पुन्हा वाचू लागली.

"नास्तिकांच्या लहरींनी नाडी बंद पडते," गुरुजी म्हणाले.

"नाडी नाही, फट. नाकाच्या बाजूला पट्टी टेकत नाही, तिथून खालचं दिसतं."

पुढच्या रांगेतल्या बाईनं ओढणी डोळ्यांवर बांधून मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. "हव, दिसते ना," ती म्हणाली.

इंद्रजीतनी मंचावर येऊन लेकीची पट्टी सोडली. "काहून नाही सांगितलं मले?"

"गुरुजी म्हणे, सांगितलं तं शक्ती जाते. मंग तुम्ही रडाल."

ते तिला घेऊन मंचावरून उतरले. मला मात्र अजून संताप येतो. हा माणूस लेकरांना खोटं शिकवत होता, आणि ज्या लेकराला ते खोटं लक्षात ठेवता येईना, त्याच्या डोक्यात कचरा भरलाय म्हणत होता.

अशा मुलांना एका वेळी एकच सूचना लागते, आणि न चिडता ती पुन्हा सांगणारं माणूस लागतं. हे सावकाश होतं. सात दिवसांत होत नाही. आणि कोणी पट्टी बांधून चमत्कार दाखवला, तर लेकराला पुढे ढकलण्याआधी ती पट्टी एकदा स्वतःच्या डोळ्यांवर बांधून बघा.