कोपराचा खळगा

मी एक जुनी पितळी मूठ आहे. स्वीडनमधल्या एका लहानशा ओतकामाच्या कारखान्यात, कॉफीच्या खोलीच्या दाराला मी जन्मभर आडवी बसले. ज्या भट्टीतून आले, तिच्यासमोरचंच दार मला मिळालं. माहेर-सासर एकाच छपराखाली.

आमच्याकडे कॉफीचा ट्रे पाळीपाळीने आणायचा असतो. मालक टोरकेलही त्यातून सुटत नाही. दोन्ही हात ट्रेला, म्हणून दार उघडायचं कोपराने. मित्रांनो, कोपरं टेकून टेकून माझ्या पाठीला खळगा पडला. "ही बया डोळे मिटूनही सापडते," असं टोरकेल कौतुकाने म्हणायचा.

मग गुनिला आली. घरातल्या वस्तूंना नवी रूपं देणं हे तिचं काम. ती आणि टोरकेल मिळून नवी मूठ घडवू लागले. ती म्हणे, "अजून बारीक कर."

"बारीक करता करता नाहीशी होईल, बाई."

आणि दोघं खदखदून हसत. माझ्यापायी तो असा कधी हसला नव्हता. हिवाळाभर मी धुसफुसत राहिले.

एके सकाळी त्याने मला काढून भट्टीजवळच्या भंगाराच्या पेटीत टाकलं आणि माझ्या जागी त्या नव्या मुठीला बसवलं. जो येई तो तिला कुरवाळी, "देखणी झालीय" म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आग लागो त्या रूपाला, म्हटलं.

"मूठ लागली, आता तू पाहुणी नाहीस," टोरकेल गुनिलाला म्हणाला. "आजचा ट्रे तुझा."

ती ट्रे घेऊन आली. कोपर टेकवलं. ते गुळगुळीत पाठीवरून सटकलं आणि कॉफी, दालचिनीचे पाव, सगळं जमिनीवर.

"चूक मुठीची की पाहुणीची?" टोरकेलने विचारलं.

"माझीच. इतके दिवस आयती कॉफी ढोसली ना," फरशी पुसत ती म्हणाली.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता मलाच परत लावतील! गुनिला खरंच पेटीपाशी आली, मला उचललं, खळग्यात कोपर ठेवून पाहिलं. पण दाराकडे नेलं नाही. मेणात खळग्याचा ठसा घेतला, नव्या साच्याला दिला, आणि मला पुन्हा पेटीत ठेवलं. एवढ्या वर्षांची माझी कमाई त्या साच्यातून निघणाऱ्या पोरींना फुकट! मी रडायचीच बाकी होते.

खळग्याच्या मुठींची पहिली खेप ओतायला पितळ कमी पडलं. टोरकेलने मला हातात घेतलं आणि घुटमळला.

"खळगा हिचा आहे, तर पितळही हिचंच असू दे," गुनिला म्हणाली.

त्याने मला मुशीत ठेवलं. मग दारावरचीही काढून आणली आणि माझ्या शेजारी ठेवली. मी तिला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. देखणी होती, खोटं कशाला बोलू?

"फार दुखतं का?" तिने विचारलं. तिला दारावर धड दुपारही मिळाली नव्हती.

"मी आहे ना," मी म्हटलं.

भट्टी तापते आहे. थोड्या वेळाने ती कोणती आणि मी कोणती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मित्रांनो, दारं आपटू नका, मुठींना कधीतरी फडकं मारा. आणि हात भरलेले असतील, तेव्हा खुशाल कोपर टेका. आम्हाला ओझं होत नाही.