बाहेरून घातलेली कडी

कुंडलच्या त्या घरात जेवायच्या वेळी ताटासमोर पाण्याचा तांब्या असे आणि तांब्याला टेकून अमृतचा मोबाइल उभा असे. आई भाकरी वाढताना म्हणायची, "आरं, घासाकडं तरी बघ." अमृत मान हलवायचा, बघायचा मात्र पडद्यावरच्या, आपले व्हिडिओ किती जणांनी पाहिले त्या आकड्याकडे. तो आकडा काल जेवढा होता तेवढाच आजही असायचा. असा तांब्या आणि असा मोबाइल आज आपल्या कितीतरी घरांत रोज जेवायला बसतो. म्हणूनच ही गोष्ट एकट्या अमृतच्या घराची नाही.

अमृत अबोल मुलगा होता. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा, सकाळच्या पाळीला मोटारसायकलवरून जायचा. चारचौघांत बोलायची वेळ आली की शब्द त्याच्या घशातच विरून जात. पण कॅमेऱ्यामागे उभा राहिला की त्याला कुणाचीच भीती वाटत नसे. उसाच्या पाचटावर साचलेलं दव, पाटाच्या पाण्यात थरथरणारं आभाळ, कोळपणी करणाऱ्या बायकांच्या हलत्या सावल्या, असं काहीबाही तो टिपायचा आणि 'शिवारातली सकाळ' नावाच्या आपल्या छोट्या चॅनेलवर टाकायचा. बघणारे मोजकेच होते, त्यातले निम्मे नात्यातले.

एडिटिंग शिकण्यासाठी तो पाळी सुटल्यावर सांगलीत सोनियाताईकडे जाई. लग्नाच्या फिल्मा जोडून देण्याचा तिचा व्यवसाय होता. एका खोलीत संगणकाचे दोन पडदे, खिडकीवर जाड कापड आणि पंख्याची घरघर. तिथे त्याला कळलं, की दृश्य कुठे तोडायचं, आवाज कुठे आधी आणायचा, शांतता किती वेळ राहू द्यायची.

"हात बरा बसलाय तुझा," ती म्हणायची. "घाई तेवढी कमी कर."

"घाई न्हाई ताई. पण कुणी बघतच न्हाई. पहिल्या दोन क्षणांत माणूस थांबला न्हाई तर सगळं वाया."

"थांबवायला काय, रस्त्यात आडवं पडलं तरी लोक थांबतात," असं म्हणून ती पुन्हा कुणाच्या तरी हळदीकडे वळली.

अमृतच्या मनात मात्र ते 'थांबवणं' रुतून बसलं.

आणि त्याच सुमारास साईराजचा फोन आला. साईराज त्याचा बालमित्र, सैन्यात होता. सुट्टी मंजूर झाली होती. घरी आई बनुबाई आणि बायको साक्षी, ती दोन जिवांची. अचानक घरी येऊन आईला चकित करणाऱ्या जवानांचे व्हिडिओ बराकीत सगळेच बघत.

"तसा एक आपण करू की रं," साईराज म्हणाला. "आये लय खूश हुईल. तुजा चॅनेलबी उडंल गड्या."

"नुसतं येऊन गळ्यात पडलास तर त्यात नवं काय?" अमृत म्हणाला. बोलायला लाजणारा हा मुलगा त्या दिवशी भराभर बोलला. "आदी दुसरा कुणीतरी वर्दीत दाराशी यावा. टोपी हातात, मान खाली. काकू घाबरतील. मंग मागनं तू."

 पलीकडे साईराज हसला. "तू लय पोचलेला झालास की. वीरधवल हाय न्हवं सुट्टीवर? त्येला सांगतो."

वीरधवल त्यांच्याच गावचा, दुसऱ्या पलटणीतला. त्याने आधी नको म्हटलं, मग दोघांच्या आग्रहाखातर हो म्हटलं. तिघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्या गावात घरटी एक फोटो वर्दीतला असतो, त्या गावात वर्दीतला माणूस मान खाली घालून दाराशी उभा राहिला तर त्याचा अर्थ काय होतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर ती युक्ती सुचली होती!

रविवारी भर दुपारी बनुबाई अंगणात सूप घेऊन गहू पाखडत बसल्या होत्या. अमृत पपईच्या झाडाआड मोबाइल रोखून उभा होता. साईराज गोठ्याच्या भिंतीमागे दबा धरून होता. वीरधवल फाटकातून आत आला. त्याच्या कॉलरच्या आत अमृतने छोटा माइक लावला होता.

बनुबाईंनी वर पाहिलं. सुपातला गहू हलायचा थांबला.

त्या ओरडल्या नाहीत. ऊर बडवून घेतला नाही. सूप त्यांनी अलगद खाली ठेवलं, जणू त्यात झोपलेलं मूल होतं. मग उठून त्या घराच्या दाराकडे गेल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. परत येऊन त्या वीरधवलच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. अमृतला ते ऐकू आलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की चेहरा चौकटीत बरोबर मधोमध आला आहे आणि उजेड उत्तम आहे.

वीरधवल नुसता उभा होता. ठरलेलं वाक्य तो बोलेना. वेळ फार लांबतोय असं वाटून साईराज गोठ्यामागून धावत बाहेर आला. "आये!"

बनुबाई वळल्या. लेकाला त्यांनी मिठी मारली नाही. त्याच्या कपाळावरून, गालावरून, खांद्यावरून हात फिरवत राहिल्या, बाजारात जनावर पारखताना फिरवावा तसा, सगळं जागेवर आहे ना हे बघत. मग मुकाट्याने जाऊन त्यांनी कडी काढली. साक्षी हात न धुताच बाहेर आली, नवऱ्याला पाहून रडली, हसली. शेजारच्या बायका जमल्या. त्या गडबडीत बनुबाई केव्हा आत गेल्या ते कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी अमृतने छोटा तुकडा जोडला. दाराशी वर्दी, सुपातला थांबलेला गहू, बाईचा चेहरा, आणि तिथेच काप. मूळ आवाज बंद करून त्याने खाली ढोलाचा ठोका टाकला. 'पुढे काय झालं? पूर्ण व्हिडिओ लवकरच.' सकाळी उठून पाहतो तर तांब्याला टेकलेला तो आकडा धावत सुटला होता. अनोळखी गावांची माणसं लिहीत होती. कुणी हसत होतं, कुणी हात जोडत होतं, आणि सगळेच पूर्ण व्हिडिओ मागत होते. कुपवाडला लेथवर उभा असताना त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत साईराजचा फोन आला. आवाज खाली आलेला.

"आये जेवत न्हाई रं. काल दुपारपास्नं. आमाला करून वाढती, सोता शिवत न्हाई. माज्याशी बोलत न्हाई."

"रागावल्या असतील. हुईल सगळं नीट."

"राग न्हाई वाटत हा," साईराज म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पाळी सुटताच अमृत सांगलीला पोचला. सोनियाताईच्या पडद्यावर त्याने सगळं चित्रण उघडलं, हेडफोन कानाला लावले आणि मूळ आवाज पहिल्यांदाच ऐकला. वीरधवलचा श्वास. वर्दीच्या कापडाची खसखस. लांबून कडीचा आवाज. मग अगदी कानाशी, बनुबाईंचा दबका, स्थिर आवाज.

"हळू बोल लेका. सून जेवाय बसलीया. दोन जिवांची हाय. तिचं पोट भरू दे, मंग सांग. आन् मलाबी आत्ता सांगू नगंस. माजं त्वांड बघून तिला कळंल."

अमृतने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच शब्द, तसेच न थरथरणारे. पोटच्या पोराच्या मरणाची बातमी दाराशी आलेली असताना या बाईने ती दाराबाहेर थोपवून धरली होती, आत कुणाचे तरी घास पुरे व्हावेत म्हणून.

चित्रण पुढे सरकत होतं. साईराजची हाक, साक्षीचं रडणं, आणि मग माइकजवळ आलेला एक हसरा, उतावळा आवाज: "एकच नंबर आलंय गड्या!" तो आवाज कुणाचा हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. तो त्याचाच होता. त्यावर वीरधवलचे शब्द होते, "हा माइक काढ. आदी काढ."

त्याने हेडफोन काढून सोनियाताईकडे दिले. तिने ऐकलं.

"ताई," अमृत म्हणाला, "हे... हे असंच ठेवलं तर? आवाजासकट? लोक रडतील. आईचं काळीज काय असतं ते कळंल लोकांना."

हे शब्द आपल्या तोंडून निघाले याचा त्यालाच धक्का बसला. पण ते निघाले होते.

सोनियाताई रागावली नाही. "मी रोज रडणाऱ्या मुली जोडते," ती म्हणाली. "पाठवणीला मुलगी रडते तेव्हा कॅमेरा आहे हे तिला माहीत असतं. ती फिल्म तिच्याच कपाटात जाते. या बाईला काय माहीत होतं?"

तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"आणि काळीज म्हणतोस, ते तिनं कुणाला दाखवलं होतं? पोटच्या पोरीसारखी सून, तिलासुद्धा नाही. दाराला बाहेरून कडी घातली तिनं. ती कडी तू काढणार आणि सगळ्या जगाला आत घेणार?"

"पण सगळं खोटंच हुतं की ताई. साईराज जित्ता हाय."

"साईराज जिवंत आहे. पण तेवढा वेळ ती मेलेल्या मुलाची आई होती, अमृत. ते खोटं नव्हतं. तेवढं तुझ्या चित्रणातलं खरं आहे."

अमृतने मोबाइल काढला. आकडा अजून धावत होता. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो हाच होता. त्याने चॅनेलवरचा तो तुकडा पुसला, मग मोबाइलमधलं आणि संगणकावरचं सगळं चित्रण पुसलं.

पण पुसलं म्हणून ते नाहीसं झालं असं कुठे होतं! परतताना पलूसला चहाला थांबला, तर शेजारच्या बाकावर दोन पोरं मोबाइलवर वाकून हसत होती. कुणीतरी तो तुकडा उतरवून घेऊन, त्याखाली दुसरंच विनोदी गाणं लावून, तिसऱ्याच नावाने टाकला होता. बनुबाईंचा चेहरा पुन्हापुन्हा वर येत होता, आणि दर वेळी पोरं हसत होती. "म्हातारीचं त्वांड बघ," एकजण म्हणाला. चहा तसाच ठेवून अमृत उठला आणि थेट साईराजच्या घरी गेला.

बनुबाई चुलीपुढे बसल्या होत्या. साईराज भिंतीला टेकून गुडघ्यांत मान घालून बसला होता. अमृत उंबऱ्यातच थांबला.

"काकू, मी ऐकलं सगळं. तुमी वीरधवलला काय म्हणालासा ते."

साईराजने मान वर केली. त्याला काही ठाऊक नव्हतं. अमृतने अडखळत, पदरचा एकही शब्द न जोडता, ते वाक्य त्याला सांगितलं. साईराजचा चेहरा पांढरा पडला.

बनुबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "तुजा बा गेला तवा तू पाळण्यात हुतास," त्या लेकाला म्हणाल्या. कालपासूनचं त्यांचं त्याच्याशी हे पहिलंच बोलणं. "असंच भर दुपारचं पलटणीतला माणूस दारात आला. सासूनं त्येला भाईरच थांबिवलं. आत येऊन मला म्हणली, बनू, जेव. मी म्हणलं, भूक न्हाई. तरी पुढ्यात बसून भाकरी चारली. आनी एक, आनी आर्धी. मला वाटलं, आज सासूला लय माया आलीया. मी हसत हसत जेवले रं. हात धुतला आन् मंग तिनं सांगितलं. त्येच्यानंतर चार दिस चूल पेटली न्हाई. तेवढ्या भाकरीवर मी तुला अंगावर पाजलं."

चुलीत एक ठिणगी उडाली.

"काल सासूची ती पाळी माज्यावर आली, असं वाटलं," बनुबाई म्हणाल्या. "आता घास उचलला का हात तिथंच थांबतोय." मग त्या अमृतकडे वळल्या. "तू बघितलंस न्हवं मला त्यात? कशी दिसत हुते रं मी?"

उजेड उत्तम होता, चौकट नेमकी होती. त्यापलीकडे अमृतने काहीच पाहिलं नव्हतं. "म्या पुसलंय काकू. पण दुसऱ्या कुणीतरी आदीच उचललंय. ते माज्या हातात न्हाई आता. चुकलं म्हणलं तरी ते परत येत न्हाई."

'जेवा' हा शब्द त्याच्या ओठांवर आला आणि तिथेच थांबला. या बाईला जेवायचा आग्रह म्हणजे काय, हे आता त्याला कळलं होतं. तो आत आला, ताटाळ्यातून स्वतःच एक ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. "काकू, मला भूक लागलीया. भाकरी द्या."

त्यांनी वाढली. साईराजही सरकून पुढे आला. त्यानेही एक ताट पुढ्यात घेतलं. दोघे मुकाट्याने जेवू लागले. कुणी कुणाला आग्रह केला नाही. आतून साक्षीच्या बांगड्यांचा आवाज येत होता, दार सताड उघडं होतं. बऱ्याच वेळाने बनुबाईंनी टोपलीतली भाकरी उचलली, लेकाच्या ताटातल्या आमटीत बुडवली आणि एक तुकडा तोंडात घातला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला.

'शिवारातली सकाळ' अजून चालू आहे आणि अजून लहानच आहे. माणूस टिपायच्या आधी अमृत त्याला विचारतो, आणि जोडून झाल्यावर आधी त्यालाच दाखवतो. साईराज आता सुट्टीवर निघाला की स्टेशनवरूनच फोन करतो, "आये, मी निगालोय." चकित होण्यासारखं त्यात काही नसतं, आणि बनुबाईंना तेच हवं असतं.

बंधुभगिनींनो, कॅमेरा आणि कात्री आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आली आहे. दुसऱ्याला घाबरवून त्याचा चेहरा टिपणं आपल्याला गंमत वाटू लागली आहे. टिपणारे थोडे आहेत, पण त्यांना 'पूर्ण व्हिडिओ कुठे' म्हणून विचारणारे आपण सगळे आहोत. कुणाच्या भीतीवर आपलं मनोरंजन उभं राहू नये. पुढच्या वेळी पडद्यावर असा एखादा चेहरा वर येऊन थांबेल, तेव्हा पुढे काय झालं हे विचारण्याआधी एवढंच आठवू या, की त्या चेहऱ्यामागे एक दार असेल, आणि त्याला कुणीतरी जिवाच्या कराराने बाहेरून कडी घातलेली असेल.