पन्हळीतला धूर

मुलीने पहारीने चेंबरचं झाकण उचललं, धूर सोडणाऱ्या यंत्राचा जाड पाइप आत सोडला आणि पंखा चालू केला. गटाराचा नळ जिथे फुटला असेल, किंवा कुणी पावसाचं पाणी गुपचूप त्यात सोडलं असेल, तिथून धूर वर येतो. ती पालिकेत इंजिनियर होती. गल्लीखालच्या साठ वर्षांच्या जुन्या नळाचे दोष शोधून संध्याकाळी यादी द्यायची होती.

गल्ली उताराची. वरच्या टोकाला तिच्या वडिलांचं घर, खालच्या टोकाला आत्याचं. आठ वर्षं झाली, जोराचा पाऊस आला की आत्याच्या न्हाणीघरात गल्लीभरची घाण वर यायची. वडील हयातभर प्लंबर. ते बादली घेऊन जायचे, सगळं उपसून द्यायचे आणि वर ऐकवायचे की, चहाचा चोथा मोरीत ओतलास की असंच होणार. आत्या मग चोथा कुंडीत टाकू लागली. पाणी यायचं थांबलं नाही. आता तिने घर विकायला काढलं होतं. उद्या गिऱ्हाईक येणार होतं.

"माझ्याकडे धूर निघाला तर लिही हो," ती दारातून म्हणाली. "आत्या म्हणून गय करू नकोस."

आत्याकडे धूर निघाला नाही. मधल्या दोन घरांपुढे रस्त्याच्या भेगेतून थोडा निघाला. मुलीने खुणा केल्या आणि वर पाहिलं. वडिलांच्या गच्चीच्या पन्हळीतून पांढरा धूर सरळ वर चालला होता.

वडील अंगणात खुर्चीवर बसले होते. आठ वर्षांपूर्वी घरावर मजला चढवला, तेव्हा अंगणात चिखल नको म्हणून पन्हळीचा पाइप त्यांनीच जमिनीत उतरवला होता.

"बाबा, हा पाइप कुठे जोडलाय?"

ते चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"दिसतंय ना तुला. लिही."

तिने घर क्रमांक लिहिला. वडिलांनी आतून करवत आणून पाइप गुडघ्याच्या उंचीवर कापला, खालचं तोंड फडक्याने बंद केलं आणि उतारावरून आत्याच्या घरी गेले. बादली न घेता ते पहिल्यांदाच तिच्या पायरीवर बसले.

"चोथ्याचं काही नव्हतं," ते म्हणाले. "उद्या त्या माणसाला येऊ नको म्हण."

आत्याने वर त्यांच्या गच्चीकडे पाहिलं. धूर अजून विरला नव्हता. ती आत गेली आणि चहा केला. कप त्यांच्यापुढे ठेवला, मग चोथ्याने भरलेली गाळणी त्यांच्या हातात दिली.

"कुंडी तिकडे आहे, दादा," ती म्हणाली.