टेंभुर्णीचे कोंब राखणारी घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची घंटी आहे. जुन्या जालन्यातल्या एका अरुंद बोळात, ठोकाठोकीच्या गोंगाटात माझा जन्म झाला. १९८३ साली टेंभुर्णीच्या बाजारात द्वारकाबाईंनी मला तीनदा वाजवून पाहिले आणि आपल्या चांदणी नावाच्या शेळीच्या गळ्यात बांधले. चांदणी पुढे, बाकीच्या सहा शेळ्या मागे. द्वारकाबाई कापसात खुरपत असल्या तरी माझ्या आवाजावरून शेळ्या कुठे आहेत ते त्यांना बरोबर कळे.

त्यांच्या कापसाच्या शेताला लागून दोन एकर मुरमाड पडीक जमीन होती. एके काळी तिथे जंगल होते म्हणे. आता नुसते दगड आणि दर वर्षी जमिनीतून वर येणारे लालसर कोंब. चांदणी ते कोंब मोठ्या आवडीने खुडून खाई आणि मी आनंदाने वाजत राही.

एकदा द्वारकाबाईंच्या सासूबाई, साळूबाई, तिथे आल्या. त्यांनी एक पान बोटांत चोळून पाहिले. "आगं, ही तर टेंभुर्णी हाय! हिच्याच नावानं आपलं गाव हाय म्हणत्यात."

"मंग आपण तिला वाढू का देत न्हाई?" द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान कारभारी यांना तिथे कापूस लावायचा होता. ते हसले. "लावल्याबिगर कुठं झाडं येतात व्हय? बरं, दोन पावसाळे सोडतो हा तुकडा. झाडं न्हाई दिसली, तर ट्रॅक्टर घालणार."

द्वारकाबाईंनी बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले. माझा आवाज त्या बाजूने आला की त्या खुरपे टाकून धावत सुटत. पहिल्या वर्षी कोंब गुडघ्याएवढे झाले, दुसऱ्या वर्षी कमरेएवढे. "माझी घंटी म्हंजे राखणदार हाय!" असे त्या बायकांना सांगत. मी फुगून जाई.

आणि मग माझ्याकडून घात झाला. त्या चैत्रात चांदणी पाणी प्यायला विहिरीजवळच्या पाटात उतरली आणि चिखल माझ्या तोंडात गच्च बसला. माझा लोलक हलेना. कुंपणाला एक फट होती. सातही शेळ्या आत शिरल्या. मला ओरडायचे होते, पण आवाजच फुटेना. दुपारपर्यंत तिथे नुसत्या काड्या उरल्या.

द्वारकाबाई बांधावर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. नंतर त्यांनी काट्याने माझ्या तोंडातला चिखल कोरून काढला. मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेच मला फार लागले.

"झालं!" कारभारी म्हणाले. "मी जाफराबादला सांगून आल्तो. उद्या ट्रॅक्टर येतंय."

सकाळी भिवा ट्रॅक्टर घेऊन आला. नांगर लावायच्या आत साळूबाई कुदळ घेऊन पुढे झाल्या आणि एका काडीपाशी खणू लागल्या.

"आई, काय करून राह्यली?" कारभारींनी विचारले.

साळूबाई खणतच राहिल्या. हातभर खणल्यावर खाली मनगटाएवढी जाड मुळी दिसली. आतून ओली, जिवंत.

"कोंब दोन वर्सांचा, पण ही मुळी तुझ्याहून म्हातारी हाय," त्या म्हणाल्या. "आपण तोडून तोडून दमलो. ही न्हाई दमली."

कारभारी खाली बसले. मुळीवरून त्यांनी हळूच हात फिरवला. मग उठून भिवाला म्हणाले, "भाऊ, पल्याडचं कापसाचं रान नांगर. हे राहू दे." त्या दिवशी कुंपणाची फट त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली.

कोंब पुन्हा फुटले. झाडे माणसापेक्षा उंच झाली. कुणी न लावता निंब आला, सीताफळ आले. त्यांचे बी पाखरांनी आणले होते. १९९८ च्या उन्हाळ्यात टेंभुर्णीला पहिली पिवळी फळे लागली. साळूबाईंनी बोळक्या तोंडाने एक चाखले. "अजून पिकायला पाहिजे होतं," असे म्हणून त्यांनी आणखी चार खाल्ली!

मी मात्र तेव्हा गोठ्यातल्या खिळ्याला लटकत होते. चांदणी केव्हाच गेली होती. माझ्या पोटात कोळ्याने जाळे विणले होते. आपल्याला सगळे विसरले, असे मला वाटे.

एके दिवशी शेजारचे कडूबा आले. "वहिनी, एवढी रोपं कुठून आणली? मलाबी माझ्या माळावर लावायचीत."

द्वारकाबाई खळखळून हसल्या. "रोपं कायला आणायची, भावजी? शेळ्या आवरल्या, बस!" त्यांनी मला खिळ्यावरून काढले, चिंचेने लख्ख घासले आणि कडूबांच्या हातात ठेवले.

मित्रांनो, झाडे जरूर लावा. पण त्याआधी आपल्या बांधावर, माळावर एकदा वाकून पाहा. कुणी आपल्याला राखेल, याची वाट एखादा दोन पानांचा कोंब पाहत असेल. त्याला उपटू नका, खुडू देऊ नका. बाकीचे तो स्वतः करील.

बोलायचे अजून पुष्कळ आहे. पण आता मी जिच्या गळ्यात आहे, ती कडूबांची शेळी भारी खोडकर आहे. ती बघा, कुंपणाकडे निघाली! आता मला जोरात वाजलेच पाहिजे.