खुंटीवरची आकडी

"कोयता आकडीतच होता, असंच सगळ्यांनी सांगायचं," भागोजी गावकर पुन्हा म्हणाले. "काय गो सगुणावैनी? तू पन."

निलेशचं बारावं झालं होतं. ओटीवर वाडीतले बाप्ये बसले होते, माजघरात बाया. मधल्या दारात निलेशची आई, सगुणा, भिंतीला पाठ लावून बसली होती. पोर गेलेली बाई काय बोलणार, म्हणून कुणी तिच्या उत्तराची वाटही पाहिली नाही.

उद्या फौजदार सगळ्यांचे जबाब घेणार होते. सड्याच्या कातळमाळावरच्या काजूच्या बागेत राखणदार दादूने निलेशच्या छातीत बार घातला, एवढं तर दादू स्वतःच कबूल करत होता. वाद पुढचा होता. दादू म्हणे, निलेश कोयता उगारून अंगावर आला, जीव वाचवायला मी बंदूक चालवली. वाडी म्हणे, कोयता कमरेच्या आकडीत होता, दादूने पोराचा हकनाक बळी घेतला.

फौजदार पुण्याकडून बदलून आलेले. कोयता म्हटला की त्यांना तिथल्या गल्ल्यांतून कोयते नाचवणारी टोळकीच दिसायची. "कोयता घेऊन गेला म्हणजे मारायलाच गेला," असं ते पहिल्याच दिवशी बोलून बसले आणि वाडी पेटली. इथे कोयत्याशिवाय घराबाहेर पडतो कोण? कमरेला दोरी, दोरीला पाठीमागे लाकडाची आकडी, आकडीत कोयता. लग्नाला जाताना तेवढा काढून ठेवतात.

"मग आकडी गेली कुठं?" ओटीवरून कुणीतरी विचारलं. प्रेताच्या कमरेला ती सापडली नव्हती.

"दादूच्या बायकोनं उचललीन नि चुलीत घातलीन," भागोजी म्हणाले. "त्या चिमाला कमी समजू नको."

कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण दादूवर मागे डुकराच्या शिकारीची केस झाली होती, तो प्यायचा, देवळाच्या कामाला कधी फिरकायचा नाही. असल्या माणसाविरुद्ध पुरावा लागत नाही. निलेशच्या बाजूनेही लागत नव्हता. जयगडच्या बंदरावरची नोकरी सोडून तो घरी बसला होता, हे आता कुणाला आठवत नव्हतं. शिमग्यात पालखी कशी नाचवायचा, तेवढंच आठवत होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

सगुणाने समोर पाहिलं. माजघराच्या भिंतीवर खुंटीला निलेशचा शर्ट लटकत होता. तो तिनेच टाकला होता. शर्टाखाली आकडी होती.

त्या दुपारी तो जेवायला बसला होता. सकाळी दादूने त्याच्याकडची चोरलेल्या काजूची पिशवी माणसांदेखत हिसकावून घेतली होती. जेवता जेवता कुणाचा तरी फोन आला, पलीकडून हसणं ऐकू आलं आणि निलेशने ताट भिरकावलं. कोपऱ्यातला कोयता उचलला. लहानपणी एकदा तो उघड्या कोयत्यावर पडला होता, तेव्हापासून सगुणाच्या तोंडी एकच वाक्य बसलं होतं.

"आकडी घे रे," ती म्हणाली.

"आकडी कशाला? दादूकडं काम एकच हाय."

तिने दारात आडवा हात धरला. उजवा हात, मनगटाशी वाकडा झालेला. तो मोडला तेव्हा, विहिरीवर घसरले, असं ती सगळ्यांना म्हणाली होती आणि सगळ्यांनी ते मानलं होतं. निलेशसारख्या पोराच्या आईचा हात दुसऱ्या कशाने मोडणार? तोच हात बाजूला ढकलून तो गेला.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर परसात चिमा आली. फणसाखालीच उभी राहिली, पुढे आली नाही.

"मी काय मागायला नाय आले, काकी. माज्याशी कोन बोलत नाय, म्हनून आले."

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्या नवऱ्याने माझा पोर मारला आणि ही माझ्याच दारात येते! पण "चालती हो" म्हणायच्या आत चिमा बोलून गेली.

"त्यानं मला सांगितलान, निलेशनं कोयता उगारलान म्हनून. पन माज्या पन मनात येतं, पिऊन उगाच मारलान की काय. नवरा हाय माजा, तरी मलाच खरं वाटत नाय. मग सगळी वाडी उलट सांगताना फौजदाराला कसं वाटंल?"

दादूवर विश्वास ठेवणारं वाडीत कुणीच नव्हतं, बायकोसुद्धा नाही. आणि खरं ठाऊक होतं ते सगुणाला एकटीला. हे ओझं तिला नको होतं. पोर तर गेला, निदान त्याचं नाव तरी राहू दे, असं तिला मनापासून वाटत होतं.

"घरी जा," ती म्हणाली. "पोटात कायतरी घाल."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तिने पदराखालून आकडी काढून टेबलावर ठेवली. फौजदारांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही घरी होती? म्हणजे कोयता हातातच होता. मी म्हणत होतो तेच."

"तुमी म्हनत होतात ते नाय, सायेब. कोयता घेतलान म्हंजे मारायला गेला, असं नसतं. सगळी वाडी रोज कोयता घेते. पन माजा पोर मारायलाच गेलावता. मला सांगून गेला."

फौजदार तिच्याकडे रोखून बघू लागले. "मावशी, दादूच्या माणसांनी दम दिलाय का तुम्हाला? आई असं सांगत नसते."

भागोजी दारातच उभे होते. तरातरा आत आले. "वैनी, आई हायेस की कोन? सोन्यासारखा पोर तो!"

सगुणाने बांगड्या वर सारल्या आणि वाकडं मनगट त्यांच्यापुढे धरलं. "ही विहीर नव्हती, भावजी. हा त्यानं मोडलान."

भागोजींनी हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "तूच सांगितलंस मला, विहिरीवर पडले म्हनून. मीच नेलं तुला डॉक्टराकडं. तेवा खोटं बोललीस की आता बोलतेस?"

तिने जबाबावर अंगठा दिला.

बाहेर वाडीचा टेम्पो चालू झाला आणि तिला न घेताच निघून गेला. टेबलाशी हवालदार आकडी कापडात गुंडाळत होता. सगुणा दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"त्याचा कोयता हितंच हाय ना?"

"आतल्या खोलीत हाय, काकी."

"मग ही त्याच्याजवळ ठेव. उघडा कोयता बरा नाय. कुनाला तरी लागतो."

हवालदाराने कापडाची गाठ मारली. "ठेवतो, काकी," तो म्हणाला.